एका कान्याचे अंतर

२०२५च्या फेब्रुवारीतील एका रात्री आम्ही वर्धा जिल्ह्यातील हिंगणीला एका स्नेह्यांकडे मुक्कामाला होतो. सेलू तालुक्यातील, बोर व्याघ्रप्रकल्पाच्या वाटेवरचे हे गाव. जेवणाची पाने बैठकीच्या खोलीतच मांडली होती, कारण दूरचित्रवाणीवर 'सेलिब्रिटी मास्टरशेफ' चालू होते आणि घरातील दोन्ही मुले तेथून हलायला तयार नव्हती. पडद्यावर एका प्रसिद्ध नटीने रांधलेल्या पदार्थाचा घास परीक्षकांनी तोंडात घेतला होता आणि ते काही बोलत नव्हते. संगीत थांबले. नटीचे डोळे भरून आले. खोलीतल्या आम्हा सर्वांचे हात ताटात थबकले. त्या शांततेत स्वयंपाकघरातून भाकर थापल्याचा आवाज तेवढा येत होता.

थोड्या वेळाने वहिनी पाटोडीचा रस्सा वाढायला आल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "कसा झाला जी भाऊजी?" पडद्यावरच्या नाट्याचा अंमल आमच्यावर असावा. आम्ही भुवया उंचावल्या, क्षणभर थांबलो आणि शेफच्या थाटात निकाल दिला : "चव उत्तम, पण प्लेटिंगकडे लक्ष द्यायला हवे." सारे हसले. वहिनीही हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची बशी समोर आली तेव्हा पोहे वाटीने उपडे करून गोल पाडलेले होते, कडेने सांबार पेरला होता आणि टोमॅटोच्या सालीचे एक फूल वर बसवले होते. वहिनींनी विचारले, "आता बरं दिसते का जी?" पंचवीस-तीस वर्षे एका घराला आणि त्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालणाऱ्या बाईने 'कसा झाला' हा प्रश्न सोडून 'बरं दिसते का' हा प्रश्न विचारावा, यात हसण्यासारखे काही नव्हते. प्रस्तुत लेख त्या सकाळच्या अस्वस्थतेतून लिहिला आहे.

प्रथम त्या कार्यक्रमाविषयी. मास्टरशेफ हा मूळ ब्रिटिश कार्यक्रम. बीबीसीवर तो १९९० मध्ये सुरू झाला. त्याचा आजचा परिचित घाट मात्र २००५च्या पुनरुज्जीवनानंतर आणि विशेषतः २००९ पासूनच्या ऑस्ट्रेलियन आवृत्तीनंतर घडला. भारतात तो २०१० मध्ये आला आणि त्याचे पहिले विजेतेपद लखनौच्या पंकज भदौरिया या शाळेतील शिक्षिकेने मिळवले, ही गोष्ट आम्हां मास्तर मंडळींना विशेष आठवते. सोनी वाहिनीवरील 'सेलिब्रिटी' आवृत्ती जानेवारी ते एप्रिल २०२५ या काळात झाली. रणवीर ब्रार आणि विकास खन्ना हे दोन नामवंत शेफ परीक्षक होते आणि चित्रपट दिग्दर्शिका फराह खान त्यांच्या जोडीला होत्या. गौरव खन्ना विजेते ठरले. मराठी प्रेक्षकाला या आवृत्तीत आपलेपणा वाटावा अशी बरीच नावे होती : उषा नाडकर्णी, अभिजित सावंत, निक्की तांबोळी, तेजस्वी प्रकाश. यांपैकी शेवटच्या दोघी अनुक्रमे दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानावर आल्या. तेव्हा हा कार्यक्रम हिंदीत असला तरी तो आपल्या घरचा नाही, असे म्हणून बाजूला सारता येणार नाही.

सामान्य माणसांची स्पर्धा आणि प्रसिद्ध व्यक्तींची स्पर्धा यांत एक मूलभूत फरक आहे. २०२३ साली संपलेल्या मास्टरशेफ इंडियाच्या पर्वात अंतिम तिघांमध्ये सुवर्णा बागुल होत्या. त्या पर्वाचे विजेते आसामच्या तिनसुकियाचे नयनज्योती सैकिया होते. अशा स्पर्धकाच्या बाबतीत ताटात एक पदार्थ असतो आणि त्या पदार्थावर एका आयुष्याची दिशा अवलंबून असते. प्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतीत तसे नसते. तिचा भात करपला तर तिचे काही बिघडत नाही. उलट त्या करपण्याने ती प्रेक्षकाला जवळची वाटू लागते. तिचे अज्ञान लोभस ठरते. कांदा चिरता न येणे हा घरातल्या सुनेचा दोष असतो आणि नटीचा निरागसपणा असतो. एकच चूक दोन ठिकाणी दोन अर्थ धारण करते. हे ज्याने त्याने आपल्या घरी पडताळून पाहावे.

या संदर्भात उषा नाडकर्णी यांची उपस्थिती आम्हांला फार अर्थपूर्ण वाटली. 'माहेरची साडी' (१९९१) या चित्रपटातली त्यांची सासू ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. पुढे 'पवित्र रिश्ता' या हिंदी मालिकेने त्यांची तीच करडी प्रतिमा देशभर नेली. मराठी आणि हिंदी प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांच्या मनात सुनेच्या प्रत्येक कृतीत खोट काढणाऱ्या सासूचा चेहरा म्हणजे हा चेहरा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या या अभिनेत्री एप्रन बांधून, घड्याळाशी झगडत रांधत होत्या आणि वयाने लहान असलेल्या दोन पुरुषांपुढे ताट ठेवून निकालाची वाट पाहत होत्या. सासूने घासावर निकाल द्यायचा आणि सुनेने पदराशी चाळा करत उभे राहायचे, ही आपल्या कौटुंबिक नाट्याची जुनी चौकट. ती चौकट येथे जशीच्या तशी होती, पात्रे तेवढी बदलली होती. निकाल देण्याचा अधिकार सासूकडून शेफकडे, म्हणजे नात्याकडून व्यवसायाकडे गेला. प्रेक्षकांपैकी किती जणांना हे त्या क्षणी जाणवले असेल, सांगता येत नाही. वहिनींना जाणवले होते. त्या म्हणाल्या, "या वयात कशाले उभं करतेत बाईले?"

मराठी दूरचित्रवाणीवरील पाककृतींच्या कार्यक्रमांचा प्रवास पाहिला तर हा बदल अधिक स्पष्ट होतो. १९९३ पासून संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' हिंदीत लोकप्रिय झाला. त्यात कोणी कोणाला गुण देत नव्हते, एक जाणकार शिकवत होता आणि बघणारा वहीत उतरवून घेत होता. नागपूरच्या विष्णू मनोहरांनी 'मेजवानी'मधून हेच केले, आणि विदर्भाच्या बोलीचा सूर त्यात राहू दिला. २०१७च्या एप्रिलमध्ये त्यांनी नागपुरात सलग ५३ तास स्वयंपाक केला तेव्हा तो विक्रम ठरला. त्या बातमीवर येथील अनेक घरांतल्या बायकांनी मनातल्या मनात काय टिप्पणी केली असेल, याची कल्पना वाचक करू शकतील. 'आम्ही सारे खवय्ये'मध्ये प्रशांत दामले पाहुणे म्हणून रांधणाऱ्या बाईशेजारी उभे राहत, गप्पा मारत आणि पहिला घास घेताच मनापासून दाद देत. ती दाद ठरलेली असे, हे खरे. पण तिच्यात पाहुण्याची रीत होती. पुढे २०२१च्या डिसेंबरात झी मराठीवर 'किचन कल्लाकार' सुरू झाले. कलाकार रांधू लागले आणि तेच दामले 'महाराज' होऊन आसनावर बसले. कार्यक्रम विनोदी होता, संकर्षण कऱ्हाडे यांचे सूत्रसंचालन खेळकर होते, कोणाचा अपमान करण्याचा त्यात हेतू नव्हता. तरीही पाहुण्याचा परीक्षक झाला, एवढे घडलेच. एकाच लोकप्रिय नटाच्या दोन भूमिकांत पंधरा-वीस वर्षांतला आपला रुचीपालट नोंदला गेला आहे.

येथे शब्दांकडे जरा वळावे लागेल, कारण आमचा व्यवसाय शब्दांचा आहे. मराठीत उत्तम रांधणाऱ्या बाईला 'सुगरण' म्हणतात. 'सुगृहिणी'पासून तो आला, असे सांगितले जाते. म्हणजे तिच्या कौशल्याचे नावच घराच्या उंबरठ्याआड पडते. पुरुषाला आपण 'बल्लवाचार्य' म्हणतो. विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेल्या भीमाचे स्मरण त्यात आहे. स्वयंपाकातील परिपूर्णतेला 'नलपाक' म्हणतो. तेथे नल राजा आहे. पुरुषाने रांधले की महाकाव्य आठवते आणि बाईने रांधले की घर आठवते, हा भेद परभाषेतून आलेला नाही. 'शेफ' या शब्दाने बल्लवाचार्याची जागा घेतली, एवढेच. आमच्याकडे रोडग्यांचा स्वयंपाक असतो तेव्हा शेतात किंवा देवळापुढे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजणारे आणि वांग्याची भाजी घोटणारे बहुधा पुरुषच असतात. उघड्यावरचा, शेकडो माणसांचा, वर्षातून एकदोनदा होणारा स्वयंपाक पुरुषांचा आणि चार भिंतींतला रोजचा बायकांचा. मास्टरशेफचे भव्य स्वयंपाकघर या अर्थाने उघड्यावरचेच आहे.

छापील परंपरेची साक्षही पाहण्याजोगी आहे. मराठीतील पहिले छापील पाकपुस्तक म्हणून ओळखले जाणारे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी लिहिले. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' आले आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा'. 'शास्त्रा'पासून 'मित्रा'पर्यंत आणि तेथून 'रुची'पर्यंत शीर्षके कशी सरकली ते पाहा. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे देऊन नवख्या मुलीला धीर दिला. त्यामागे 'तुला हे जमेल' असे सांगणारी वडीलधारी बाई आहे. दुर्गाबाई भागवतांनी 'खमंग' लिहिले तेव्हा संशोधक आणि रांधणारी या दोन व्यक्ती एकाच बाईत सुखाने नांदू शकतात, हे दिसून आले. या पुस्तकांत भीती नाही. दूरचित्रवाणीने स्वयंपाकात जी नवी गोष्ट आणली ती भीती होय. उलटे धावणारे घड्याळ, काळा एप्रन, लांबवलेली शांतता आणि बाहेर पडण्याचे दार ही तिची साधने आहेत.

आता आमच्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना हा कार्यक्रम अभ्यासण्याजोगा वाटला पाहिजे, कारण तो समीक्षेविषयीचा कार्यक्रम आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावून सांगताना अन्नाचाच दृष्टांत घेतला. नाना व्यंजनांनी संस्कारित झालेले अन्न खाताना सुमनस पुरुष जसे रसांचा आस्वाद घेतात, तसेच सुमनस प्रेक्षक स्थायिभावांचा आस्वाद घेतात, असे तो म्हणतो. पुढील अलंकारशास्त्राने काव्याच्या परिपक्वतेला 'पाक' म्हटले आणि द्राक्षापाक, नारिकेलपाक असे भेद केले. मराठीत आपण 'रसग्रहण', 'आस्वादक समीक्षा', 'अभिरुची' हे शब्द वापरतो ते सारे स्वयंपाकघराच्या दारातून आले आहेत. भरताच्या दृष्टांतात खाणारा 'सुमनस' आहे, ही गोष्ट महत्त्वाची. प्रसन्न, मोकळ्या मनाने पानावर बसलेला माणूस हा त्याचा आदर्श भोक्ता. तो गुणपत्रक घेऊन बसलेला नाही.

दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाची अडचण अशी, की त्याला चव कळण्याचा मार्गच नाही. वास नाही, स्पर्श नाही, उष्णता नाही. नाटकाच्या प्रेक्षकाला नाटक तरी समोर दिसते; येथे मूळ कलाकृती परीक्षकाच्या मुखात नाहीशी होते आणि आपल्यापर्यंत तिची समीक्षा तेवढी पोचते. जगात बहुधा दुसरी अशी कला नसेल, जिच्या लक्षावधी प्रेक्षकांनी ती कधीच अनुभवलेली नाही, तिचे परीक्षण मात्र रोज ऐकले आहे. साहजिकच दिसण्याला, म्हणजे मांडणीला, अवाजवी महत्त्व येते. परीक्षक प्रामाणिक असले तरी माध्यमाचा स्वभाव हा आहे. म्हणूनच वहिनींनी सांबाराचे वर्तुळ केले. पाटोडीचा रस्सा या परीक्षेत नापासच व्हायचा, कारण तो तांबूस, पातळ आणि ताटभर पसरणारा आहे. बेसन शिजवून थापलेल्या, वड्या पाडलेल्या आणि झणझणीत रश्श्यात सोडलेल्या पाटोडीचे सारे सौंदर्य भाकर कुस्करल्यावर सुरू होते, आणि तोवर ते डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या वर्गातही असेच काही घडते, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते. रसग्रहणाच्या प्रश्नाला आमचे विद्यार्थी लिहितात ती उत्तरे पाहावीत. कविता न वाचता कवितेवरची समीक्षा वाचलेली असते. 'प्रतिमांचे नावीन्य', 'आशयघनता', 'भाषेचा साधेपणा' हे शब्द परीक्षकाच्या तोंडून ऐकलेल्या 'टेक्श्चर' आणि 'बॅलन्स' या शब्दांसारखे येतात. त्यांच्यामागे जिभेवरचा घास नसतो. याचा दोष मुलांना देऊन चालणार नाही. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासताना आम्हीही मार्गदर्शिकेतील मुद्दे मोजून गुण दिले आहेत. एखाद्या मुलीने कवितेतल्या चुलीवरून आपल्या आजीच्या भाजलेल्या बोटांविषयी चार ओळी लिहिल्या असतील, तर 'विषयांतर' असा शेरा मारला आहे. बहिणाबाईंची कविता शिकवताना चटक्यांचा अर्थ फळ्यावर लिहून द्यायचा आणि ज्या मुलींच्या हातांवर चटके आहेत त्यांना त्याविषयी काही विचारायचे नाही, ही आमची अध्यापनपद्धती. त्या रात्री आम्ही वहिनींपुढे शेफ झालो ते केवळ दूरचित्रवाणीमुळे झालो, असे म्हणणे पळवाट ठरेल. आम्ही शेफ आधीपासूनच होतो.

दुसरी बाजू मांडली पाहिजे. या कार्यक्रमांनी काही चांगले केले आहे. हिंगणीच्या त्याच घरातला मुलगा आठवीत आहे. तो कणीक भिजवतो, आईकडून फोडणी शिकतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तीस वर्षांपूर्वी या भागात हे दृश्य दुर्मीळ होते. अभिजित सावंत किंवा गौरव खन्ना यांच्यासारखे पुरुष ओट्यापाशी घाम गाळताना दिसतात, तेव्हा स्वयंपाक हे शिकावे लागणारे कौशल्य आहे, बाईच्या जन्मासोबत आलेली देणगी नव्हे, हे मुलांना न सांगता कळते. परीक्षकांच्या जाणकारीविषयीही शंका नाही. विकास खन्ना अमृतसरला आजीच्या स्वयंपाकघरात शिकले, हे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. रणवीर ब्रार लखनौच्या कबाब करणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकले. दोघांचेही पहिले गुरू कोणत्याही परीक्षकापुढे कधी उभे राहिले नव्हते. कठोर परीक्षण असू नये असेही आमचे म्हणणे नाही. कच्चे ते कच्चे म्हणावेच लागते. न शिजलेल्या डाळीला दाद देणे म्हणजे रांधणाऱ्याचा अनादर आहे. कौतुकाने माखलेली समीक्षा मराठी साहित्याचे किती नुकसान करते, हे आम्ही पुस्तक प्रकाशनाच्या समारंभांत पाहतोच. तेव्हा प्रश्न कठोरतेचा नाही. कोणासाठी, कशातून आणि कोणत्या अडचणीत रांधले, हे विचारणारी कठोरता वेगळी आणि हे विचारण्याची गरजच नसलेली कठोरता वेगळी.

याचे एक सुंदर उदाहरण मास्टरशेफच्याच इतिहासात आहे. २०२१च्या ऑस्ट्रेलियन पर्वाच्या अंतिम फेरीत बांगलादेशी वंशाच्या किश्वर चौधरी यांनी पांता भात मांडला. आदल्या दिवशीचा भात पाण्यात घालून आंबवायचा आणि दुसऱ्या दिवशी मीठ-मिरचीसंगे खायचा, असे हे श्रमिकांचे अन्न. सोबत बटाट्याचे भरीत होते. त्या तिसऱ्या आल्या, पण जगभरच्या बंगाली माणसाला ते ताट आपले वाटले. अर्थात तेथेही त्या भाताचे नाव बदलून 'धुरी दिलेले भाताचे पाणी' अशा अर्थाचे इंग्रजी नाव द्यावे लागले. आपल्या ताटातले अन्न सभेत न्यायचे तर त्याला दुसऱ्याची भाषा नेसवावी लागते. वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. त्यांचा निबंध तपासताना आम्ही 'सांबार' खोडून 'कोथिंबीर' लिहिले आहे. तीच भाजी, तोच वास. पण प्रमाण शब्द न वापरल्याबद्दल अर्धा गुण कमी.

वर्धा जिल्ह्यात बसून जिभेविषयी लिहिताना सेवाग्राम टाळता येत नाही. गांधीजी १९३६ मध्ये तेव्हाच्या सेगावला राहायला आले. आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी एक व्रत 'अस्वाद' हे आहे. आमच्या वर्गात दरवर्षी कोणी तरी 'आस्वाद' लिहिताना काना विसरतो आणि आम्ही लाल शाईने तो देतो. एका कान्याच्या अंतरावर दोन संपूर्ण जीवनदृष्टी उभ्या आहेत, हे तेव्हा लक्षात येत नाही. अस्वाद म्हणजे बेचव खाणे असा सोपा अर्थ लावून त्याची थट्टा होते. आम्हांला त्या व्रतात आज एक वेगळी गोष्ट दिसते. जो माणूस चवीसाठी हटून बसत नाही, तो रांधणाऱ्याला मुठीत ठेवू शकत नाही. घराघरांत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावण्याचा इतिहास ज्या समाजात आहे, तेथे खाणाऱ्याने आपल्या जिभेचा अधिकार स्वतःहून सोडणे, हा स्त्रीमुक्तीचा छोटासा पाठ ठरू शकला असता. तो ठरला का, हा प्रश्न उरतोच. आश्रमाच्या सार्वजनिक रसोड्यातले कष्ट आणि कस्तुरबांच्या वाट्याला आलेला संयम यांची बेरीज करताना व्रत कोणाचे आणि भार कोणावर, हेही विचारले पाहिजे. आणि ज्या वर्ध्यात हे व्रत आचरले गेले, तेथलाच तुपाळ गोरसपाक आज लोक प्रवासातून आवर्जून घरी नेतात, यात आम्हांला विसंगती वाटत नाही. माणसाला आस्वादही हवा आणि अस्वादाची आठवणही हवी.

चव घेण्याचे एक तिसरे रूप आमच्या पाहण्यात आहे आणि आम्हांला ते या दोहोंपेक्षा अधिक शिकवणारे वाटते. शालेय पोषण आहाराच्या नियमांनुसार शाळेत शिजलेले अन्न मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चाखायचे असते. त्यांत निदान एक शिक्षक असावा लागतो. या चवीची नोंद वहीत करायची असते. बिहारमधील गंडामन गावात जुलै २०१३ मध्ये शाळेतील विषारी भोजनाने २३ मुले दगावली, त्यानंतर या नियमाचे गांभीर्य सर्वांना कळले. खिचडी शिजवणारी बाई गावातलीच असते, तिचे मानधन तुटपुंजे असते आणि तिच्या पातेल्याकडे कोणताही कॅमेरा वळत नाही. मास्तर येतात, वाटीत घास घेतात, खातात आणि वहीत सही करतात. त्या सहीचा अर्थ 'दहापैकी सात' असा होत नाही. 'या अन्नाची जबाबदारी मीही घेतली आहे. काही झालेच तर ते आधी मला होवो' असा होतो. अनेक शाळांत ही सही न चाखताच होत असेल, हे आम्ही जाणतो. पण त्या नियमात परीक्षणाची जी कल्पना आहे ती आम्हांला कोणत्याही समीक्षाग्रंथाइतकी मोलाची वाटते. परीक्षक रांधणारीच्या बाजूला, पातेल्याच्या त्याच अंगाला उभा राहतो आणि समोर भुकेली मुले असतात.

फडके-खांडेकरांच्या काळापासून 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आपण शिकवत आलो. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, कारण आपण तो नावे आणि साले यांच्या रूपात शिकवतो. मास्टरशेफचे एक ताट आणि शाळेतील खिचडीचे एक ताट वर्गात शेजारी ठेवले, तर तोच वाद जिवंत होईल. आम्ही २०२५च्या जूनपासून प्रथम वर्षाच्या वर्गाला कवितेआधी एक काम देतो. आपल्या घरी आज जे रांधले त्याचे रसग्रहण लिहा. परंतु लिहिण्याआधी रांधणाऱ्या व्यक्तीला तीन प्रश्न विचारा. हे करायला कोणाकडून शिकलात, कोणता जिन्नस नव्हता म्हणून काय केले, आणि स्वतः जेवलात केव्हा. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वाचताना वर्गात जी शांतता पसरते, ती पडद्यावरच्या शांततेसारखी लांबवलेली नसते. एका मुलाने लिहिले, की आई कधी जेवते ते आपण आजवर पाहिलेले नाही. आम्ही त्या उत्तराला गुण दिले नाहीत; देता आले नाहीत. या लेखनातून आलन, भरडा, सोले, चिवळ असे कितीतरी शब्द वहीत आले, जे खोडायला आमची लाल शाई आता धजत नाही.

हिंगणीला आम्ही मागच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. वहिनींच्या त्या टोमॅटोच्या फुलाची टोचणी मनात होती. जेवताना त्यांनी या वेळी काहीच विचारले नाही. फक्त वाढून बाजूला उभ्या राहिल्या. तेव्हा आम्हीच बोललो. रश्श्याला खसखशीचा मंद वास आहे, पाटोडी रश्श्यात फुटली नाही, म्हणजे बेसन नीट घोटले गेले आहे, आणि तिखट घशाशी न लागता जिभेवरच राहते, असे एकेक सांगितले. मीठ किंचित कमी आहे, हेही सांगितले. वहिनींनी चमच्याने रस्सा तळहातावर घेऊन चाखला. "हो जी, कमीच हाय," त्या म्हणाल्या, आणि मिठाची वाटी आणायला आत गेल्या. परत आल्या त्या आपले ताट घेऊन. आमच्यासमोर बसून त्या जेवू लागल्या आणि पाटोडी कशी घोटायची ते आम्हांला समजावून सांगू लागल्या.